खऱ्या नावाची पावती

नोटा मोजता मोजता माझ्या डोळ्यांना धार लागली. दहाच्या, विसाच्या, काही पन्नासच्या. घड्या पडून पडून जुन्या लुगड्यासारख्या मऊ झालेल्या, आणि प्रत्येक नोटेला मिरचीचा उग्र वास. एक-दोन नोटांच्या घडीत तर लाल भुकटीही होती. मी नकळत डोळा चोळला आणि मग मागच्या मोरीतल्या नळाखाली तोंड धरून उभी राहिले. मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळचे अकरा वाजलेले. वरच्या टिना आत्ताच तापायला लागल्या होत्या आणि कूलर अजून माळ्यावरून उतरायचा होता. "पाण्यानं नाही जात जी ते," बाहेरून आवाज आला. "आधी हाताले तेल लावा, मंग साबण." ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. हिवाळा सरत आला की ती कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ काढायच्या कामाला जाते, तेव्हा यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळणारच.

पाचशे एक रुपये होते. "पावती फाडून द्या न मॅडम," ती म्हणाली. तिचा मुलगा आमच्या अभ्यासिकेत यायचा, तेव्हा आठवीत होता. उत्तर नागपुरातल्या दोन भाड्याच्या खोल्या, संध्याकाळी पाच ते आठ, साठेक मुलं आणि दोन पगारी शिक्षिका. मुलांकडून आम्ही फी घेत नाही आणि इतक्या वर्षांत एकाही पालकाच्या नावानं पावती फाडलेली नव्हती. मला वाटलं, ती सहलीचे किंवा गाइडचे पैसे द्यायला आली आहे. "कशाचे हे, ताई?" मी विचारलं. "देणगी," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

मग पदराशी चाळा करत तिनं सांगितलं. फेब्रुवारीत आम्ही मदतीच्या आवाहनाचं पत्रक काढलं होतं. उरलेल्या प्रती मुलांनी वह्यांना कव्हर घालायला घरी नेल्या होत्या. रात्री जेवणं झाल्यावर मुलानं त्यातली एक तिला मोठ्यानं वाचून दाखवली. "तुमी लिवलं चांगलं. मले त्या बाईची लय दया आली. डोयात पाणीच आलं. मंग पोट्टं म्हणे, आई, हे तूच होय." ती थोडी हसली. माझ्या तोंडाला कोरड पडली. "चूल त रोज पेटते न जी आपली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चुकीचा पत्ता लिहिलेलं पाकीट दारात आलं, तर माणूस जसं पोस्टमनला सांगतो, तसं तिनं सांगितलं. आणि मग, "पावतीवर नाव खरं टाका."

मी कार्बन लावला, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वस्तीचा पत्ता, सगळं लिहिलं. पॅन नंबरचा रकाना कोरा राहिला. तो कशासाठी असतो, हे तिनं विचारलं आणि मी सांगितल्यावर "बरं" म्हणून सोडून दिलं. आडनावातला एक काना मी विसरले होते, तो तिनं बोट ठेवून दाखवला. पावतीची बरोबर चार घड्यांची चौकट करून तिनं ती ब्लाउजात ठेवली आणि कामावर गेली. तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. ते तिनं पावतीवर टाकायला सांगितलं होतं, गावभर सांगायला नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील.

ते पत्रक माझं होतं. रामदासपेठेतल्या एका जाहिरात कंपनीत मी अकरा वर्षं मजकूर लिहिला. साड्या, फ्लॅट, कोचिंग क्लासेस, दागिने. नोकरी सोडल्यावर अभ्यासिकेचं काम पाहायला गेले आणि तिथलीच झाले. पत्रकं आपोआप माझ्याकडे आली. मला हे काम येतं आणि त्यात मी मनापासून कष्ट घेते. लोकांच्या घरी दिवसाला चार कागद येतात आणि त्यातले साडेतीन न वाचता रद्दीत जातात. आपला कागद वाचला जावा असं वाटत असेल, तर पहिल्याच ओळीत एक माणूस उभं करावं लागतं. "शहरातल्या वस्त्यांमधील शालाबाह्य मुलांचा प्रश्न गंभीर आहे" अशी सुरुवात असलेलं पत्र मी स्वतःसुद्धा वाचणार नाही. म्हणून मी तिला निवडलं. नाव बदललं, गोड आणि मऊ असं एक नाव दिलं. मुलाचा वर्ग बदलला. आणि लिहिलं, की तिच्या घरी रोज चूल पेटतेच असं नाही.

हे मी हवेतून काढलेलं नव्हतं. तिनंच एकदा सांगितलं होतं, की २०२०च्या टाळेबंदीत बाजार बंद पडला, हातात काम नव्हतं, तेव्हा दोन दिवस घरात शिजवायला काही नव्हतं आणि वस्तीतल्या मुलांनी वाटलेल्या खिचडीवर ते दिवस काढले. दोन दिवस. मी फक्त क्रियापदाचा काळ बदलला. 'पेटली नव्हती'चं 'पेटतेच असं नाही' केलं. जाहिरातीत असले बदल दिवसाला दहा करतो आपण आणि त्याला खोटं म्हणत नाही. मजकूर धारदार झाला, असं म्हणतो. तिच्या आयुष्यातले सर्वांत वाईट दोन दिवस मी तिच्या सगळ्या दिवसांवर पसरून टाकले, आणि ते तिला स्वतःच्या मुलाच्या तोंडून ऐकावं लागलं.

आणि पैसे आले, हेही सांगायलाच हवं. त्या एका पत्रकावर दोन्ही शिक्षिकांचा सात महिन्यांचा पगार निघाला. त्याआधी कधीच एवढं जमलं नव्हतं. पुण्याहून एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला, ते बोलता बोलता थांबले, गळा दाटला त्यांचा. त्यांचे पैसे खरे, त्यांचं दाटून येणंही खरं. ज्या दोन खोल्यांत तिचा मुलगा गणित शिकत होता, त्या खोल्यांचं भाडं त्या वाक्यातून निघत होतं. मी या गाठीपाशी कितीदा तरी येऊन थांबले आहे. अजूनही ती मला सुटलेली नाही.

एका माणसाचा चेहरा दाखवला की हात खिशाकडे जातो, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना अनुभवानं माहीत असतं. त्यावर संशोधनही झालं आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला एका प्रशिक्षणात शिकवला होता. काही लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हटलं. एका गटाला माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट दाखवली. दुसऱ्या गटाला आफ्रिकेतल्या उपासमारीचे, लाखो माणसांचे आकडे दाखवले. रोकियासाठी लोकांनी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त पैसे दिले. तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडे दोन्ही दाखवले, तर दान पुन्हा खाली आलं. मोठ्या प्रश्नाची नुसती जाणीव करून दिली, तरी माणसाचा हात आखडतो. प्रशिक्षण देणाऱ्यानं फळ्यावर लिहिलं होतं, 'एक चेहरा, एक गोष्ट, आकडे नकोत', आणि मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. रोकियाची गोष्ट रोकियानं वाचली तर तिला काय वाटेल, हे त्या प्रयोगात कुणी मोजलं नव्हतं. मलाही ते कधी सुचलं नव्हतं. आवाहनाचं पत्र म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगरातली घरं यायची. सोफा, चष्मा, चहाचा कप. ज्याच्याबद्दल लिहायचं, तो कागदावर असायचा. ज्याच्यासाठी लिहायचं, तो सोफ्यावर. या दोघांची गाठ पडेल, असं मी गृहीतच धरलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये मी तिच्या घरी गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. जयंती दोन दिवसांवर आली होती. गल्लीभर निळ्या पताका लागल्या होत्या, कोपऱ्यावर मुलं मंडपाचे बांबू रोवत होती आणि डीजेवाल्याशी पैशांवरून हुज्जत चालली होती. घर दीड खोलीचं आणि स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली मुलाचं दप्तर. तिनं गॅसवर चहा ठेवला आणि मी त्या निळ्या ज्योतीकडे बघत बसले. तेवढ्यात जयंतीची वर्गणी मागायला पोरं आली. तिनं भिंतीतल्या फडताळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून पैसे दिले आणि पावती त्याच पिशवीत टाकली. पिशवी फुगलेली होती. मी विचारलं तेव्हा तिनं ती माझ्यासमोर पलंगावर रिकामी केली. विहाराच्या बांधकाम निधीच्या पावत्या. दरवर्षीच्या जयंतीच्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीतर्फे होणाऱ्या भोजनदानाच्या. एका शेजाऱ्याच्या किडनीच्या ऑपरेशनसाठी वस्तीनं पैसे गोळा केले, त्याच्या हिशेबाचा वहीतून फाडलेला कागद. काही पावत्या इतक्या जुन्या की शाई उडून नुसता शिक्का उरला होता. आणि सगळ्यांत वर आमची, चार घड्यांची.

पंधरा वर्षांपासून ती देणगीदार होती. उत्तर नागपुरातल्या प्रत्येक यादीत तिचं नाव होतं. फक्त आमच्या वहीत ती लाभार्थी होती.

दीक्षाभूमीवर विजयादशमीच्या दिवसांत जे चालतं, ते मी लहानपणापासून बघत आले आहे, पण नीट पाहिलं ते त्या पलंगावरच्या पावत्या बघितल्यावर. १४ ऑक्टोबर १९५६चा तो दिवस आठवून लाखो माणसं येतात, रेल्वेनं, एसटीनं, ट्रॅक्टरवर बसून. स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना भोजनदानाचे स्टॉल लागतात. बँक कर्मचाऱ्यांचे, रेल्वेवाल्यांचे, कॉलेजच्या मुलांचे, कुठल्या कुठल्या वस्त्यांचे. मसालेभात, पुरी-भाजी, बुंदी. कढईच्या वाफेत भिजलेले, घसा बसलेले लोक "या, या, जेवून घ्या" म्हणून हात धरून ओढतात. सकाळी एका स्टॉलवर जेवलेला माणूस दुपारी आपल्या वस्तीच्या स्टॉलवर वाढायला उभा असतो. तिथे कुणाच्या गळ्यात 'दाता' असं लिहिलेली पट्टी नसते. हातात पत्रावळ आहे की वगराळं, एवढाच काय तो फरक, आणि तोही दर दोन तासांनी बदलतो. माझी जागा त्या गर्दीत नेहमी बघ्याची असायची. कॅमेरा घेऊन जायचे मी. त्या वर्षी पहिल्यांदा हातात पत्रावळ घेऊन रांगेत उभी राहिले आणि मसालेभात खाल्ला. भात जरा कच्चा होता, पण वर घातलेलं लिंबाचं लोणचं अजून जिभेवर आहे.

आनंदवनाची आठवणही त्याच दिवसांत सारखी येत राहिली. शाळेत असताना आमची सहल वरोऱ्याला गेली होती. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तिथं सांगितली गेली. मला मात्र लक्षात राहिली ती कॉलेजची इमारत. ज्यांच्या हातची भाजी घ्यायला एके काळी गावातले लोक कचरत होते, त्या कुष्ठरोग्यांनी आपल्या श्रमातून १९६४ साली त्याच गावाच्या, त्याच पंचक्रोशीच्या मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय उभं केलं. बाबा आमट्यांना दानाचा एवढा तिटकारा का, हे तेव्हा कळलं नव्हतं. दान चांगलंच असतं की, असं मी बाईंना विचारलं होतं आणि बाई म्हणाल्या होत्या, मोठी झालीस की कळेल. बोटं झडलेल्या हातांनी विटा चढवून गावाला कॉलेज दिलं, त्यानंतर त्या गावाला या लोकांकडे पूर्वीच्या नजरेनं बघणं कसं जमलं असेल, असा विचार आता येतो. माझ्या टेबलावरच्या पाचशे एक रुपयांनंतर मलाही ते जमेना.

माफी मागायची राहून गेली, हे घरी परतताना रिक्षात लक्षात आलं. ती मुलाच्या गणिताबद्दल आणि नळाच्या पाण्याबद्दल बोलत राहिली आणि मी चहा पीत राहिले.

पण वहीचा प्रश्न समोर होताच. देणगीदारांच्या वहीत एकदा नाव चढलं, की दर फेब्रुवारीला आमचं पत्र त्या पत्त्यावर जातं.

म्हणजे पुढचं पत्र तिला जाणार होतं.

त्या एका गोष्टीनं माझं लिहिणं जागच्या जागी थांबलं. मी मसुदा करायला बसायचे, पहिलं वाक्य लिहायचे, ते तिच्या मुलाच्या आवाजात मनात वाचायचे आणि खोडायचे. 'होरपळलेलं बालपण' गेलं. 'आशेचा किरण' गेला. 'तुमच्या एका मदतीनं तिचं आयुष्य बदलू शकतं' हे माझं आवडतं वाक्य होतं. तेही गेलं, कारण तिचं आयुष्य बदलण्याचं श्रेय पाचशे रुपये देणाऱ्याला देऊन टाकायचं, तर रोज पहाटे पाचला उठून डबा करून कळमन्याला जाणाऱ्या तिनं काय केलं? मागे एक कंपनी आमच्याकडे आली होती. नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचं २०१३च्या कंपनी कायद्यातलं बंधन त्यांना होतं. आलेले अधिकारी तरुण होते, हुशार होते, मुलांशी छान वागले. त्यांनी दप्तरं दिली, दप्तरांवर कंपनीचं चिन्ह छापलं, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढले आणि प्रति लाभार्थी खर्च किती, असं विचारलं. शिक्षिकांच्या पगारासाठी काही देता येईल का म्हटल्यावर मान हलवली, पगार धोरणात बसत नव्हता. दप्तरं वर्षभरात फाटली. शिकवणाऱ्या मुली टिकल्या, आणि त्या टिकाव्यात म्हणून पैसा आणणं सगळ्यांत अवघड. वह्या द्यायला माणसं मिळतात, खिचडी द्यायला मिळतात, वाढदिवसाला केक घेऊन येणारी तर खूप. एम.ए., बी.एड. झालेल्या मुलीला दर महिन्याच्या पाच तारखेला पगार मिळावा, म्हणून कुणी गहिवरत नाही. मग आपण ते पत्रात लिहीतच नाही. उपाशी पोट लिहितो आणि त्या पैशांतून पगार देतो. इतकी वर्षं आम्ही हेच करत होतो, आणि ते चुकत होतं असं मला आता वाटतं.

गेल्या वर्षीचं पत्र मी साधं लिहिलं. दोन शिक्षिका काय शिकवतात, भाडं किती, वीजबिल किती, आणि अपूर्णांक न समजणाऱ्या एका मुलाला ते भाकरीच्या तुकड्यांनी कसे समजले, याचा एक परिच्छेद. पैसे कमी आले. चार महिन्यांचा पगार कसाबसा जमला. हिशेब बघणारे आमचे काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ताई, त्याच्या आदलं पत्रक चांगलं होतं." त्यात करांचंही एक कारण होतं. मार्चमध्ये येणारे फोन आटले आहेत. नव्या करप्रणालीत देणगीवरची करातली वजावट मिळत नाही आणि आमचे बरेच नोकरदार देणगीदार तिकडे वळले आहेत. पण सगळा दोष करांवर ढकलून मला सुटता येणार नाही. पुढे दोन महिने एका शिक्षिकेनं पगार उशिरा घेतला आणि घरच्यांना काय सांगितलं, ते मला माहीत आहे. कुणाच्या तरी मानासाठी कुणाचा तरी पगार थांबला, हे लिहिताना माझा हात अजून जड होतो.

या वर्षी पत्र छापायला देण्याआधी मी ते घेऊन तिच्याकडे गेले. ती म्हणाली, थांबा, आणि शेजारच्या तिघींना हाक मारली. त्यांचीही मुलं अभ्यासिकेत येतात. उंबऱ्यात, पलंगावर, जमिनीवर अशा त्या बसल्या. एकीच्या मांडीवर लसणाची परडी होती आणि ती ऐकता ऐकता पाकळ्या सोलत होती. मी वाचलं. जाहिरातीच्या मोठमोठ्या साहेबांसमोर मजकूर वाचताना माझा आवाज कधी कापला नव्हता. पगाराच्या परिच्छेदाशी आल्यावर लसूणवालीचे हात थांबले. "या मॅडमचा पगार तुमी देता? सरकार नाही देत?" मी नाही म्हटलं. "मंग आतालोक आमाले काहून नाही सांगतलं?" तिनं विचारलं. खरंच, का नाही सांगितलं? धरमपेठेला सांगितलं, पुण्याला सांगितलं, अमेरिकेतल्या भाच्याकरवी तिकडच्या मित्रमंडळींनाही सांगितलं. ज्यांची मुलं रोज त्या मॅडमसमोर बसतात, त्यांना सांगितलं नाही. त्यांना कशाला ओझं, असं वाटायचं. ते वाटणं चांगुलपणाचंच होतं, आणि त्याच चांगुलपणानं त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं.

त्या चौघींनी महिन्याला वस्तीतून काहीतरी जमवायचं ठरवलं. मी गप्प होते. मला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. उद्या एखादीला जमलं नाही, तर तिचं मूल लाजून यायचं थांबेल का? मी ते बोलून दाखवलं. त्यावर तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "विहाराच्या वर्गणीत बी कोनाले नाही जमत कधी. त्यायले कोनी बाहेर नाही काढत." मग पत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "पगाराचं खाली लिवलं तुमी. ते पयले घ्या."

मी पगाराचा परिच्छेद वर घेतला आणि पत्र छापायला गेलं. पैसे किती येतील ते अजून कळायचं आहे, आज मार्चची अठरा तारीख.

काल ती आली होती, वस्तीतले पैसे घेऊन. नोटा या वेळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या, वर दोरा बांधलेला. सोबत नावांची यादी, मुलाच्या अक्षरात, तेवीस नावं. मी पावती पुस्तक काढलं, कार्बन लावला आणि दोरा सोडायला लागले. तिनं पिशवीतून तेलाची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"डोये नका चोळू जी," ती म्हणाली.